वीस हातांची दोरी

आमच्या गोव्यातल्या कवळ्याच्या घरी चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, पाच दिवसांची असते, आणि त्या पाच दिवसांत मुंबई, पुणे, बेळगाव, वास्को अशा ठिकाणी पांगलेली आमची तीस-पस्तीस माणसे एका छपराखाली येतात. गेल्या वर्षी तिसऱ्या दिवशी दुपारची जेवणे आटोपली होती, पाऊस लागून राहिला होता आणि मुलांना घराबाहेर पडता येत नव्हते. बरेच दिवस मनात घोळत असलेली एक गोष्ट मी तेव्हा करून पाहिली. राजांगणाच्या, म्हणजे घराच्या आतल्या चौकाच्या, खांबांना गुंडाळत एक सुंभाची दोरी बांधली. दोरी वीस हातांची होती आणि दर हातावर तांबड्या दोऱ्याची खूण होती. एक हात म्हणजे एक शतक. तुळशीकडचे टोक म्हणजे इसवी सनाचा आरंभ आणि देवाच्या खोलीच्या दाराशी असलेले टोक म्हणजे आजचा दिवस. मग पंधरा चिठ्ठ्या लिहिल्या: भोज आणि कदंब ही गोव्याची जुनी राजघराणी, विजयनगर, आदिलशाही, पोर्तुगीज आले, देवी केळशीहून कवळ्याला आली, शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक, सत्तरीच्या राणे घराण्याचे म्हणजे राण्यांचे बंड, पोर्तुगालमधले प्रजासत्ताक, लोहिया मडगावात, मुक्ती, जनमत कौल, घटक राज्य अशा. कपडे वाळत घालायचे चिमटे सर्वांच्या हाती दिले आणि सांगितले, ज्याला जे जिथे वाटते तिथे लावावे. पुस्तक उघडायचे नाही आणि मोबाइलही नाही.

मी तीस वर्षे माध्यमिक शाळेत इतिहास शिकवला आहे. इतक्या वर्षांत हजारो उत्तरपत्रिका तपासल्या. पण कुणाला कोणता काळ किती जवळचा वाटतो हे त्या उत्तरपत्रिकांनी मला कधी सांगितले नाही. सनावळ्या पाठ असणे ही एक गोष्ट आहे. एखाद्या काळाशी आपली ओळख असणे, म्हणजे त्याच्या वाटेने डोळे मिटूनही चार पावले चालता येणे, ही दुसरी गोष्ट आहे. त्या दुपारी मला ही दुसरी गोष्ट पाहायची होती.

अर्ध्या तासात दोरीवर जे चित्र उमटले ते मी अजून विसरलेलो नाही. देवाच्या खोलीकडच्या शेवटच्या दीड-दोन हातांत चिमटे पावसात वळचणीला दाटलेल्या चिमण्यांसारखे एकमेकांना खेटून बसले होते. त्यापलीकडे पाच-सहा हातांवर दोन-तीन चिमटे बिचकत लावलेले होते. आणि मग तुळशीपर्यंत सगळी दोरी मोकळी. 'भोज' आणि 'कदंब' या दोन चिठ्ठ्या कुणी हातातच धरून ठेवल्या होत्या. 'कदंब' ही चिठ्ठी घेऊन उभी असलेली माझी पुतणी रोज त्याच नावाच्या बसने फोंड्याहून पणजीला नोकरीवर जाते.

एवढ्यात काकी माजघरातून बाहेर आली. तिचे वय ऐंशीच्या पुढे आहे. सगळी दोरी डोळ्यांखालून घालून तिने विचारले, "आणि परशुराम खंय?" मी परशुरामाची चिठ्ठी केलीच नव्हती. तिने नातीकडून ती लिहून घेतली, दोरीच्या कडेकडेने चालत तुळशीपर्यंत गेली आणि तुळशीच्या दिवलीत, दोरीच्या पूर्ण बाहेर, तो कागद ठेवून दिला. तिला जराही शोधावे लागले नाही. समुद्र मागे हटवणारा बाण कुठून सुटला, तो बाणावलीला कुठे पडला, हे ती अशा तपशिलाने सांगते की ऐकणाऱ्याला वाटावे, गेल्या आठवड्यातलीच हकिगत आहे.

म्हणजे आमच्या घरात दोन काळ चांगले उजळलेले आहेत. एक परशुरामाचा आणि एक आजोबांचा. मधला हजार-दीड हजार वर्षांचा पट्टा अंधारात आहे. आफ्रिकेतल्या मौखिक परंपरांचा अभ्यास करणारे इतिहासकार जान व्हान्सिना यांनी हेच तिथे पाहिले होते. उत्पत्तीच्या कथा भरपूर, हयात पिढ्यांच्या आठवणी भरपूर आणि मध्ये एक पोकळी. पिढ्या पुढे सरकतात तशी ती पोकळीही पुढे सरकत येते, म्हणून त्यांनी तिला तरंगती म्हटले. मी हे वाचले होते, पण स्वतःच्या राजांगणात सुंभाच्या दोरीवर ते लोंबताना पाहिल्यावर त्याचा अर्थ अंगाला भिडला.

पोकळी लोकांना सोसत नाही. समोर गुंफा दिसते, देऊळ दिसते, तट दिसतो. ते कुणी तरी बांधले असणारच. मग लोक ती वास्तू ओळखीच्या काळाच्या खात्यावर टाकतात. सांखळीजवळ हरवळ्याला जांभ्या दगडात कोरलेल्या गुंफा आहेत, सहाव्या-सातव्या शतकाच्या आसपासच्या. त्यात पाच दालने आहेत, एवढ्यावरून त्या पांडवांच्या झाल्या. रिवणच्या गुंफाही पांडवांच्याच. काळ्या दगडाचे जुने देऊळ दिसले की आपण मराठी माणसे सरळ 'हेमाडपंती' म्हणून मोकळी होतो. किल्ला दिसला की शिवाजी महाराजांचा. आणि कौलारू, उंच जोत्याचे, शिंपल्यांची जनेले, म्हणजे खिडक्या, असलेले घर दिसले की ते 'पोर्तुगीज घर', मग ते कुणा गावकाराने स्वतःच्या पैशाने आणि इथल्याच गवंड्यांकडून बांधून घेतलेले का असेना. आमच्या कवळ्याच्या घरालाही एका पाहुण्याने हेच नाव दिले होते. राजांगण, तुळस, देवाची खोली, बाळंतिणीची खोली, यातले पोर्तुगीज काय आहे असे त्याला विचारावेसे वाटले. पण जनेलांकडे पाहून मी थांबलो. 'जनेल' हा शब्दच पोर्तुगीज आहे.

ही पांडवांची आणि हेमाडपंतांची नावे मला अज्ञानाची खूण वाटत नाहीत. ज्या गावकऱ्याने गुंफेला पांडवांचे नाव दिले, त्याने निदान ती गुंफा माणसांशी जोडून ठेवली, तिथे दिवा लावला आणि तिचे दगड घर बांधायला उपसून नेले नाहीत. कुशावती नदीच्या काठी उसगाळीमळ येथे जांभ्याच्या कातळावर बैल, हरिणे आणि चक्रव्यूहासारखे वाटोळे कोरलेले आहे. अभ्यासकांच्या जगाला ते १९९३ मध्ये कळले, आणि कळले ते गावातल्या माणसांनी वाट दाखवली म्हणून. सत्तरी आणि डिचोलीच्या गावांत गजलक्ष्मीच्या जुन्या शिळा केळबाय किंवा भाऊका या नावांनी पुजल्या जातात. पुजणाऱ्या बाईला त्या शिळेचे शतक सांगता येणार नाही; पण शिळेचा दिवस, तिचा नैवेद्य आणि तिचा कोप तिला ठाऊक असतो. असल्या ओळखीला आमच्या शाळेत गुण देण्याची सोय नव्हती, याची मला आता खंत वाटते.

कदंबांचे मात्र मला मनापासून वाईट वाटते. अकराव्या शतकात पहिल्या जयकेशीच्या काळी त्यांची राजधानी चंद्रपुराहून, म्हणजे आजच्या चांदरहून, जुवारी नदीकाठच्या गोपकपट्टणाला आली. ते भरभराटीचे बंदर होते. जयकेशीपासून गोवा जिंकणाऱ्या पोर्तुगीज आफोंसो द अल्बुकर्कपर्यंत, म्हणजे १५१० पर्यंत, जेवढा काळ जातो, जवळजवळ तेवढाच काळ अल्बुकर्कपासून मुक्तीपर्यंत जातो. दोरीवर हे दोन्ही साडेचार-साडेचार हात भरतात. यातल्या दुसऱ्या साडेचार हातांबद्दल कोणीही गोंयकार तासभर बोलेल. पहिल्या साडेचार हातांबद्दल एक वाक्य निघणे कठीण.

याचे कारण केवळ लांबचा काळ हे नाही. गोपकपट्टण जिथे होते त्या गावाला पोर्तुगिजांनी 'गोवा वेल्हा', म्हणजे जुने गोवे, असे नाव दिले. पुढे त्यांचे स्वतःचे शहर रोगराईने ओस पडले आणि राजधानी पणजीला आली, तेव्हा ते शहरही जुने झाले आणि त्याला 'वेल्हा गोवा' म्हणू लागले. दोन शब्दांची नुसती अदलाबदल आहे, पण वेल्हा गोव्यात बां जेजूच्या (बॉम जीझसच्या) चर्चसमोर पर्यटकांच्या बसगाड्यांना जागा पुरत नाही, आणि गोवा वेल्हा हा पणजी-मडगाव रस्त्यावरचा एक थांबा उरला आहे. तिथे जुवारीच्या बाजूला जुन्या तटाचे थोडे अवशेष आहेत. दिवसभर त्या रस्त्याने कदंब महामंडळाच्या गाड्या जातात. १९८० मध्ये स्थापन झालेल्या या महामंडळाने त्या घराण्याचे नाव घेतले आणि त्याचा सिंहही घेतला. गाडीत बसलेल्या माणसाच्या हातातल्या तिकिटावर कदंब हे नाव असते आणि खिडकीबाहेरून कदंबांची राजधानी मागे जात असते. मी स्वतः वीस वर्षे त्या रस्त्याने गेलो आहे आणि त्यातली पहिली दहा वर्षे, इतिहासाचा शिक्षक असूनही, मान वळवून पाहिले नाही. तो भाग आमच्या अभ्यासक्रमात अर्ध्या पानाचा होता आणि मी तो अर्ध्या तासात उरकत असे.

चांदरला मात्र एक वेगळी गोष्ट घडते. तिथले ख्रिस्ती गावकार कार्निव्हालच्या दिवसांत हातात मुसळे घेऊन 'मुसळ खेळ' करतात, रात्री दारोदार जाऊन नाचतात आणि विजयनगरच्या हरिहर राजाच्या विजयाची आठवण गाण्यातून जागवतात. धर्म बदलला, राज्ये बदलली, भाषेत पोर्तुगीज शब्द शिरले, तरी सहा शतकांपूर्वीचा एक राजा त्या मुसळांच्या ठोक्यावर टिकून राहिला. ग्रंथात असलेला काळ विसरला जातो. पायाच्या ठेक्यात उतरलेला काळ सहजी जात नाही, असे मला तो खेळ पाहताना वाटत आले आहे.

याचा पुरावा आमच्या दोरीवरही होता. 'देवी केळशीहून कवळ्याला आली' ही चिठ्ठी लहानमोठ्या सगळ्यांनी हातोहात ओळखली. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात पोर्तुगिजांच्या ताब्यातल्या साष्टी महालातली देवळे पाडली जाऊ लागली, तेव्हा शांतादुर्गा जुवारी ओलांडून अंत्रुज महालात, म्हणजे आजच्या फोंडा तालुक्यात, आली. त्या काळी हा महाल आदिलशाहीत होता. मंगेश कुठ्ठाळीहून प्रियोळला आला, म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळला, रामनाथ लोटलीहून बांदोड्याला. आज आपण पाहतो ते कवळ्याचे देऊळ पुष्कळ नंतरचे, शाहू महाराजांच्या काळात नारोराम मंत्र्यांच्या पुढाकाराने उभे राहिलेले. पण घरात कुणी देवळाचे वय सांगत नाही, देवीच्या प्रवासाबद्दल सांगते. माझी आजी ही हकिगत सांगताना आवाज खाली आणत असे, जणू पलीकडच्या काठावर अजून कुणी ऐकत आहे. होडीत कोण कोण होते, दिवा का विझवला, रात्र कशी काळोखी होती, सगळे सांगायची. हे कधी घडले असे विचारले की म्हणायची, "म्हज्या पणज्याच्या वेळार." चारशे वर्षे तिने पणजोबांच्या एका आयुष्यात बसवली होती. हिशेब चुकला होता, पण ती रात्र तिच्यापर्यंत पोचली होती.

या चिठ्ठीचा चिमटा दोरीवर कुठे लागला, हे पाहण्यासारखे होते. तो राण्यांच्या बंडाच्या शेजारी लागला, म्हणजे तीन हात अलीकडे. आणि 'पोर्तुगीज आले' हा चिमटा वहिनीने शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या अलीकडे लावला. ती शिकलेली बाई आहे. तिचे शिक्षण पुण्यात झाले आणि महाराजांच्या चरित्रातले प्रसंग तिला तारखांसह येतात. तिने असे का लावले हे मी विचारले तेव्हा ती विचार करून म्हणाली, "आधी आपले राजे, मग गोरे." शालेय पुस्तकांनी हा क्रम आपल्या हाडांत मुरवला आहे: प्राचीन, मध्ययुगीन, आधुनिक, आणि गोरे लोक नेहमी शेवटच्या धड्यात. मी तिला सांगितले की महाराजांचा जन्म झाला तेव्हा पोर्तुगिजांना गोव्यात येऊन १२० वर्षे झाली होती; बाबर पानिपतावर लढला त्याच्या सोळा वर्षे आधीच तिसवाडी त्यांच्या ताब्यात होती; आणि महाराजांनी १६६८ मध्ये नार्व्याच्या सप्तकोटेश्वराचे देऊळ पुन्हा उभारले ते कदंबांचे दैवत होते. वहिनी बराच वेळ दोरीकडे पाहत राहिली. मग तिने स्वतःच चिमटा काढून योग्य जागी लावला आणि म्हणाली, "म्हणजे महाराजांनी कदंबांचे देऊळ उभारले." 'कदंब' चिठ्ठी घेऊन उभ्या असलेल्या पुतणीला तिने हाताला धरून दोरीच्या मध्यावर नेले. रिकाम्या पट्ट्यात त्या दुपारी लागलेला तो पहिला चिमटा.

१९१० च्या चिठ्ठीला मात्र कुणीही हात लावला नाही. ५ ऑक्टोबर १९१० रोजी पोर्तुगालमध्ये राजेशाही गेली, प्रजासत्ताक आले, आणि पुढच्या वर्षीच्या कायद्याने राज्य आणि चर्च वेगळे झाले. गोव्यातल्या हिंदूंना नागरिक म्हणून बरोबरीची जागा मिळाली ती या बदलाने. त्यानंतरच्या वर्षांत मराठी शाळा निघाल्या, नियतकालिके निघाली, वाचनालये उभी राहिली. माझे आजोबा मराठी वाचायला शिकले ते अशाच एका शाळेत. म्हणजे आमच्या घरात मराठी पुस्तकांचे जे कपाट आहे, त्याची मुळे त्या ऑक्टोबर महिन्यात आहेत. तरी त्या दिवसाला आमच्याकडे सण नाही, गाणे नाही आणि देऊळही नाही. ज्या बदलाने इतक्या घरांत अक्षर आले, तोच असा अनोळखी राहावा हे मला फार लागले.

पण त्याहूनही लागले ते दुसरेच. आजीच्या तोंडी काळ मोजण्याची मोठी खूण होती राण्यांचे बंड, १८९५ चे. तिची आई बंडाच्या वेळी परकर नेसण्याच्या वयाची होती. सत्तरीच्या रानात माणसे कशी लपली हे आजी पाहिल्यासारखे सांगत असे. आज त्या चिठ्ठीपुढे काका तेवढे थांबले. पोकळीने बंड गिळले आहे. 'जनमत कौल' ही चिठ्ठी पुण्याहून आलेल्या धाकट्या पुतण्याने उलटसुलट करून पाहिली आणि विचारले, हे काय असते? १६ जानेवारी १९६७ ला गोव्याने महाराष्ट्रात जावे की वेगळे राहावे, यावर मते पडली. विलीनीकरणाचे चिन्ह फूल आणि वेगळे राहण्याचे दोन पाने. १,७२,१९१ मते दोन पानांना आणि १,३८,१७० फुलाला. आमच्या घरातली सगळी मते फुलाला, शेजारची दोन पानांना, आणि मधल्या गडग्यावरून वर्षभर कुणी कुणाशी बोलले नाही. ज्या कौलावर त्याच्या आजोबांची झोप उडाली होती तो कौल नातवाला शब्दार्थानेही ठाऊक नव्हता. पोकळी साठ वर्षांवर येऊन ठेपली आहे, आणि मुक्ती तिच्याहून फक्त पाच वर्षे मागे आहे. मुक्तीच्या वेळी मी तीन वर्षांचा होतो. मला काहीही आठवत नाही.

आत्या इतका वेळ कोपऱ्यात बसून वाती वळत होती. तिने हाक मारली आणि एक कोरा कागद मागितला. मी म्हटले, मुक्तीची चिठ्ठी लावली आहे. ती म्हणाली, "ती तुमची. म्हाका म्हजी जाय." आणि तिने सांगितले तसे पुतण्याने लिहिले: बोरीचा पूल उडवला तो दिवस.

ती तेव्हा बारा वर्षांची होती. १९ डिसेंबर, ऑपरेशन विजय, ४५१ वर्षे, यातले काहीही ती बोलली नाही. पोर्तुगेजांच्या तेंपार असे म्हणून तिने सुरुवात केली. काळ सांगणारा तो 'तेंप' शब्दही त्यांचाच, 'तेंपो'पासून आलेला. माघार घेणाऱ्या पोर्तुगीज सैन्याने पूल उडवले, बोरीचा आणि बाणस्तारीचाही. तिच्या आईने सगळ्या मुलांना भाताच्या कोठीत बसवले होते. नंतर रस्त्याने शिपाई आले, त्यांनी पाणी मागितले; तिने आयुष्यात पहिल्यांदा हिंदी ऐकली आणि तिला 'पानी' एवढाच शब्द कळला. कळशी जड होती म्हणून एका शिपायाने ती तिच्या हातातून घेतली आणि रिकामी करून स्वतः विहिरीवर भरून आणून दिली.

चिमटा घेऊन ती दोरीपाशी आली तेव्हा तिथे जागाच नव्हती. पुतण्याने 'जनमत कौल' आणि 'घटक राज्य' हे दोन चिमटे थोडे पुढे सरकवले. मग त्याने तिला विचारले, पूल उडाला तेव्हा आवाज कसा आला.

"आवाज मागीर आयलो," आत्या म्हणाली. "पयलीं जनेलाच्यो शिंपल्यो थरथरल्यो." आणि तिने हात वर करून त्याला ते जनेल दाखवले.